युरियाचें पोतें व दूरदेशींचा वायू

युरियाचें पोतें सोसायटीच्या गोदामांतून मिळतें, येथवरच आपल्या बहुतेक शेतकरी बंधूंचें लक्ष जातें. परंतु युरिया नैसर्गिक वायूपासून होतो, आणि देशाला लागणाऱ्या वायूपैकीं जवळजवळ निम्मा परदेशांतून द्रवरूपानें जहाजांत भरून येतो. तेव्हां या वायूची वीस वर्षांची तजवीज कशी होते, ही चौकशी बारामती-इंदापूरच्या ऊसवाल्यानेंहि केली पाहिजे.

युरोपांत नळमार्गांची दहा वर्षांची योजना दर दोन वर्षांनीं छापतात. तरी २०२२ सालीं रशियानें हात आखडतांच कागदावरची योजना कागदावरच राहिली. जर्मनीनें विल्हेल्म्सहाफेन येथें तरंगतें वायुबंदर घाईनें उभारून डिसेंबरांत चालू केलें, आणि युरोपनें जगांतील जहाजें वाटेल त्या भावानें उचललीं. त्याच सालीं रशियन कंपनीच्या पूर्वीच्या जर्मन शाखेकडून करारांतील जहाजें न आल्यामुळें आपल्या 'गेल'ला खतकारखान्यांचा वायू कमी करावा लागला. पोत्याचा भाव तेवढा हलला नाहीं, कारण फरक सरकारी तिजोरीनें सोसला. तिजोरी कोणाची, हें सांगावयास नको.

महसुलाच्या दप्तरांत माझें आयुष्य गेल्यामुळें मला कालव्याची भाषा अधिक समजते. नीरा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला. पुढें विश्वेश्वरय्यांनीं दक्षिणेच्या कालव्यांसाठीं ब्लॉक पद्धत काढली. अनेक वर्षांचें पाणी आधीं मंजूर असेल तरच माणूस धीरानें ऊस लावतो. नाहींतर पाळीकडे डोळे लावून बसलेल्या टोकाच्या शेतकऱ्याचें पीक जळतें. दीर्घ मुदतीचा करार हा वायूचा ब्लॉकच होय. कतारशीं असलेला वर्षाला ७५ लाख टनांचा करार फेब्रुवारी २०२४ मध्यें २०४८ पर्यंत वाढविला, हें माझ्या मतें योग्यच झालें. मात्र तीं जहाजें होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनींतूनच येणार. सर्व रान एकाच चारीवर भिजविण्यासारखें हें आहे. शिवाय बंदर बांधलें म्हणजे काम झालें असेंहि नाहीं. दाभोळचें वायुबंदर २०१३ सालीं सुरू झालें, पण लाटा अडविणारा बांध पुरा नसल्यानें कित्येक पावसाळे तें बंद ठेवावें लागलें.

साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून वायू काढण्यास २०१८ पासून केंद्र सरकारचें उत्तेजन आहे. त्यानें परदेशी जहाजें थांबणार नाहींत, पण दुसरी एक चारी उघडेल. येथें माझी एकच हरकत आहे: प्रेसमड हें आपल्या उसाच्या जमिनीचें खत आहे. वायू काढल्यावर उरणारा गाळ सभासदांच्या शेतांत किती व कोणत्या भावानें परत येईल, हें कारखान्यांनीं करार होण्यापूर्वीं वार्षिक सभेपुढें लेखी मांडावें.