हलकंफुलकं

"दिवाळी आहे, अंकात जरा हलकंफुलकं घ्या." वर्षभर हे ऐकून कान किटले. हैदराबादच्या गौलीगुड्यात चार मराठी डोकी जमली आणि बाहेरचं नाटक आणायचं ठरलं, की पहिला प्रश्न तोच: हसवणारं आहे ना? आता तर लेखकही कथा पाठवताना 'वादग्रस्त काही नाही' अशी हमी देतात. वाचकांना जणू वैद्याने पथ्यच लिहून दिलंय.

वर्षाचा आढावा उरकतो. महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीवरून रण माजलं आणि सरकारला जीआर मागे घ्यावे लागले. सप्टेंबरअखेर मुसी नदी फुगली, पाणी थेट आपल्या महात्मा गांधी बसस्थानकात शिरलं. असो.

जानेवारी २०२८ मध्ये नाटककार विजय तेंडुलकरांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होतील. हार, परिसंवाद, स्मरणिका सगळं यथासांग होईल. हयातीत त्यांना काय मिळालं, ते आधी आठवावं. १९७० साली डॉ. श्रीराम लागूंनी त्यांचं 'गिधाडे' उभं केलं. त्यात माणिकच्या साडीवर गर्भपाताच्या रक्ताचा डाग दिसतो. परिनिरीक्षण मंडळाला तो लाल डाग खपेना. नाटकाच्या मंडळींनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी जाहीर केलं, की निळा दिसेल तो लाल समजावा! पुढे 'कन्यादान'साठी सरस्वती सन्मान मिळाला. याच नाटकापायी चप्पलही फेकली गेली, हे तेंडुलकरांनी सन्मान स्वीकारतानाच सांगून टाकलं. त्यातल्या अरुण आठवले या दलित तरुणाच्या चित्रणावरचा दलित वाचकांचा आक्षेप आम्हालाही सगळा खोडता येत नाही. पण तेव्हा लोक नाटकाशी भांडत तरी होते. आता तिकीट काढण्याआधीच नाक मुरडतात.

आपल्याला तर तेंडुलकर परके नाहीतच. चित्रपट दिग्दर्शक श्याम बेनेगल आपल्याच त्रिमुलघेरीचे. त्यांच्या 'निशांत'ची (१९७५) पटकथा तेंडुलकरांची, आणि गोष्ट निजामी अमलातल्या तेलंगणातली. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तरची बायको उचलून नेतात. मास्तर दारोदार फिरतो, गाव गप्प. असल्या जमीनदार देशमुखांची नावं आपल्या घरांतली म्हातारी माणसं दबक्या आवाजातच घेत. ते हलकंफुलकं करून कसं सांगणार?

यंदाच्या अंकाचा विषय 'घर'. तेंडुलकर त्यात कुठे बसतात, असं विचाराल. 'गिधाडे' घरात घडतं, 'सखाराम बाइंडर' घरात, 'कन्यादान'ही घरातच. जोड ओढूनताणून वाटली तर वाटो.

अंकात दोन विनोदी कथा आहेत, चांगल्या आहेत. पण सुरुवात एका कडू एकांकिकेने केली आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचलीत तरी चालेल, पण ती आधी वाचा. पटली नाही तर सणसणीत पत्र लिहा. छापू.