वाफ्याची कड व शेताची हद्द
घरच्या बागेतील वाफ्यांस काँक्रीटची कड विकत आणण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे. वर्धा जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तीत सलग कड तडकते. म्हणून तेल लावलेल्या लाकडी साच्यात दोन-दोन फुटी तुकडे ओतावेत. सिमेंट १, वाळू २, गिट्टी ४ हे प्रमाण ठेवावे. पाणी बेताचे घालावे. तुकडे निदान ७ दिवस ओले राखून, मुरुमाच्या थरावर, मध्ये फट सोडून बसवावेत.

मात्र ही कड धुऱ्यावर कोणीही रोवू नये. वीतभर धुऱ्यापायी सख्खे भाऊ कचेरीत उभे ठाकलेले आम्ही नोकरीत पाहिले आहेत. हद्दीच्या खुणा सुस्थितीत राखणे हे जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये खातेदाराचे कर्तव्य होय. त्या सरकविण्याचा अधिकार त्यास नाही. कड आपण घालावी, हद्द मोजणीने ठरावी.