सेवा नको, हिशेब द्या



पदवीदानाचा हंगाम आला की भाषणांचाही हंगाम येतो. झगे घातलेले पाहुणे नव्या पदवीधरांना सांगतात, समाजाचे ऋण फेडा, खेड्याकडे चला, शेतकऱ्याची सेवा करा. टाळ्या पडतात, फोटो निघतात. पाहुण्यांची स्वतःची मुले कोणत्या देशात आहेत हे आम्ही विचारणार नाही. ती त्यांना लखलाभ. आमचा प्रश्न आमच्या मुलांचा आहे. कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू गावातसुद्धा आज पदवीधर नाही अशी गल्ली शोधावी लागते. त्यातली काही पोरे पुण्याच्या पेठांत अभ्यासिकेत बसून जागा निघण्याची वाट पाहतात, काही कारखान्यात कंत्राटावर आहेत आणि बाकीची गावच्या पारावर.

एक गोष्ट आधीच साफ करून टाकू. पोराने शेतीत पडू नये असे ज्या बापाने ठरवले त्याचे गणित बरोबर आहे. ज्या धंद्यात बी, खत, फवारणी आणि वेचणी जाऊन हाती उधारी उरते, तो धंदा पोराच्या गळ्यात बांधणे ही काही माया नव्हे. म्हणून नोकरी सोडा आणि तिफण धरा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. तसे सांगणारा एकतर लबाड असतो किंवा त्याने तिफण धरलेली नसते.

आणि सेवा? सेवा म्हणजे फुकट. फुकटाची चव शेतकऱ्याइतकी कोणाला ठाऊक आहे? आमचा माल आजवर जवळपास त्याच भावात गेला. आम्हाला पोरांकडून दान नको, शिकलेल्या माणसाने करायचे काम हवे.

ऋणाचा प्रश्न मात्र खरा आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते, की सरकारच्या तिजोरीत पैसा येतो कुणब्याच्या घामातून आणि शिक्षणाचा लाभ जातो वरच्यांना. आज फरक एवढाच, की लाभ घेणाऱ्यांत कुणब्याचे पोरही आहे. फी कापसाच्या पट्टीतून गेली, खोलीचे भाडे बैल विकून दिले, आईच्या कानातले सावकाराकडे आहे. हे ऋण समाजाचे वगैरे नाही. ते घरचे आहे आणि त्याचा आकडा आहे.

आपल्या भागात शिकून परतलेली माणसे झाली नाहीत असे नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेहून बॅरिस्टर होऊन, ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आले आणि १९३२ साली त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांतला पहिला मॅट्रिक तिथून निघाला. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रसंघाची पगारी खुर्ची सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, ती कसली आणि खर्चाचा हिशेब मांडला. हिशेबात तोटा दिसला. १९८० च्या कांदा आंदोलनामागे तोच हिशेब होता. शेतकरी आळशी आहे, दारू पितो, लग्नात उधळतो, हे सगळे शहाणपण त्या एका वहीपुढे टिकले नाही. त्यांच्यासारखी नोकरी सोडा असे नाही. वही घाला.

आता कृषी विद्यापीठांकडे पाहा. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. पन्नास वर्षे उलटली. शेवटच्या वर्षाची मुले ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात त्यांना. बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवतात, ग्रामपंचायतीत फलक लावतात, सरपंचाची सही घेतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आणि तिसऱ्या दिवशी एस.टी. पोरे गुणी असतात, त्यांना दोष नाही. पण ज्या शेतकऱ्याच्या बांधावर ती उभी राहिली त्याला क्विंटलमागे किती सुटले, हे त्यांच्या वहीत कुठेच येत नाही, कारण ते विचारायला त्यांना कोणी शिकवलेले नाही.

म्हणून कोणते काम हवे ते आम्हीच सांगतो.

पहिले काटा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. सीसीआयचा नियम असा, की ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, पुढे दर टक्क्याला टक्काभर कपात आणि १२ च्या वर माल परत. म्हणजे एक टक्का ओलावा ८१ रुपये १० पैशांचा. ओलावा मोजताना ९ चे १२ लिहिले गेले तर क्विंटलला २४३ रुपये ३० पैसे गेले. वीस क्विंटलची गाडी असेल तर ४,८६६ रुपये. शेतकरी रात्रभर थंडीत गाडीखाली झोपलेला असतो, सकाळी तो भांडत नाही, गाडी रिकामी झाली की सुटलो म्हणतो. त्याच्याजवळ एक बी.एस्सी. झालेला पोरगा उभा राहून म्हणाला, की ढिगात तीन ठिकाणी मोजा, आकडा पट्टीवर लिहा आणि काट्यावर वैधमापनचा यंदाचा शिक्का दाखवा, तर काय होईल? बहुतेक ठिकाणी काहीही न बोलता ९ चे ९ च लिहिले जातील. खेडा खरेदीला येणाऱ्याचा काटा तर याहून जवळून पाहावा.

त्याच हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर आधी मोबाईलवर कपास किसान ॲपमध्ये नोंदणी लागली. बापाकडे बटनाचा फोन, पोराकडे मोठा. पोराचा फोन पुण्यात. मग गावात नोंदणी करून देणाऱ्यांचा नवा धंदा उभा राहिला.

दुसरे काम उत्पादनखर्चाचे. २०१८-१९ पासून केंद्र सरकार म्हणते की आम्ही खर्चाच्या दीडपट भाव देतो. कोणत्या खर्चाच्या? हातचा खर्च अधिक घरच्यांची मजुरी, ज्याला ए-२ अधिक एफएल म्हणतात, त्याच्या. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरणारा सी-२ खर्च त्यात नाही. अर्थशास्त्रात बी.ए. झालेल्या पोराला हे परीक्षेत आले असेल. त्याने स्वतःच्या घरच्या पाच एकरांचा सी-२ एकदा काढावा. आईची निंदणी आणि वेचणी मजुरीत धरून काढावा. ऑगस्ट २०२५ मध्ये, कापूस घरात यायच्या आत, केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. ती फाईल पुढे सरकवणारेही पदवीधरच. त्यांच्याशी बोलायचे तर आकड्यांनी बोलावे लागते, आणि आकडे आपले आपण काढलेले हवेत.

तिसरे काम जिवाचे आहे. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. डब्यावर तिकोन असतो. लाल सर्वांत जहरी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. खाली मुंगीच्या अक्षरात उतारा लिहिलेला असतो. आपल्याला फवारणीचा सल्ला देतो तो दुकानदार, आणि तो जे उरले आहे ते खपवतो. दोन औषधे एकत्र करू नका, हे सांगायला केमिस्ट्रीचा पदवीधर पारावर नको का?

आणि पोरींनो, तुम्हाला वेगळे सांगायचे आहे. गावात वाणिज्य शिकलेल्या मुली आता भरपूर आहेत. खाजगी फायनान्सवाला बायांच्या बैठकीत फक्त १२ टक्के व्याज म्हणतो. मूळ रकमेवर वर्षभर सपाट १२ टक्के लावले आणि हप्ते दरमहा घेतले, तर खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. कागद आणि पेन घेऊन हे बायांपुढे मांडायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आजवर कोणी दिलेला नाही.

हे काम फुकट करू नका. गाडीमागे जो ४,८६६ वाचवील त्याला त्यातले पाचशे देताना कोणाचा हात आखडू नये, आणि घेताना पोरानेही लाजू नये. शहरात सनदी लेखापाल घेतोच की! नोकरीवर असलेल्यांनी दिवाळीला घरी आल्यावर चार दिवस काट्यावर उभे राहावे. वेचणी तेव्हाच चालू असते.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने निदान दोन पदवीधर आणावेत, त्यात एक मुलगी. भाषणे कमी ठेवू. येताना गेल्या हंगामातल्या सगळ्या काटापट्ट्या, बी-खताची बिले आणि फायनान्सची कार्डे पिशवीत घालून आणा. ज्याच्या पट्टीवर ओलाव्याचा आकडा लिहिलेला नाही, त्याने ती आधी काढावी; वाचायला तिच्यापासूनच सुरुवात करू.