नळीच्या बाकाला कारण हवे

सायकलीच्या फ्रेमविषयी दोन मते आमच्या कानांवर वारंवार पडतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, वाड्याच्या देवडीत उभी असायची तीच खरी सायकल. बाकी सारी थेरे. तरुण हौशी म्हणतात, नळ्या जितक्या चमत्कारिक वळवाल तितकी सायकल आधुनिक. आम्हांला ही दोन्ही मते सारखीच आळशी वाटतात. पहिले डोळ्यांच्या सवयीला सौंदर्य समजते, दुसरे डोळ्यांच्या दचकण्याला. ती नळी तेथे काय काम करते, हे दोघेही विचारीत नाहीत.

आधी जुन्याला न्याय देऊ. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली: दोन जवळपास सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळीने गती. पुढील काही वर्षांत या रचनेभोवती शंकरपाळ्याच्या आकाराची फ्रेम स्थिरावली. मागे त्रिकोण, पुढे जवळजवळ त्रिकोण. बाजूंची लांबी बदलल्यावाचून त्रिकोणाचा आकार मोडत नाही. म्हणून स्वाराचे ओझे नळ्यांना फारसे वाकवीत नाही, मुख्यतः दाबते किंवा ताणते. आणि तसला भार पातळ, हलकी नळीही पेलते. ही फ्रेम शतकाहून अधिक काळ टिकली ती परंपरेच्या पुण्याईने नव्हे, या हिशेबाच्या बळावर.

परंतु हिशेबात स्वारही धरावा लागतो. आडवी दांडी झग्याला अडली, साडीलाही अडली. म्हणून बायकांच्या सायकलीत ती खाली उतरली. त्रिकोण बिघडला, उरलेल्या नळ्यांवर वाकविणारा भार आला, त्या अधिक दणकट कराव्या लागल्या. हा तोटा जाणूनबुजून पत्करला गेला, कारण मोबदल्यात अर्ध्या समाजाला वाहन मिळत होते. या फ्रेमला बेढब म्हणणाऱ्याने एकदा साडी नेसून आडव्या दांडीवरून पाय टाकून पाहावा.

विक्षिप्त वाटणाऱ्या कित्येक रचनांचे असेच आहे. डॅनिश कारागीर मिकाएल पेडरसन यांना कठीण खोगीर सोसवेना. त्यांनी झोळीसारखे विणलेले आसन केले आणि ते ताणून धरण्यासाठी बारीक नळ्यांच्या अनेक त्रिकोणांची फ्रेम १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये रचली. दिसायला कोळ्याचे जाळे, पण वजनाला हलकी. अॅलेक्स मोल्टन यांनी १९६२ साली लहान चाकांची सायकल आणली. लहान चाक खड्ड्यात अधिक आदळते, म्हणून त्यांनी रबराचे धक्काशोषक बसविले. चाकावर जागा उरली, तेथे सामान आले. मधली दांडी खाली गेली, म्हणून स्त्रीपुरुष दोघांनाही ती चालली. प्रत्येक वेगळेपणामागे एक ‘म्हणून’ उभा आहे.

आणि याच ‘म्हणून’ला सवयीने कसे हाकलून लावले, तेही सांगितले पाहिजे. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर यांनी शार्ल मोशे यांच्या, पाठीवर रेलून चालविण्याच्या सायकलीवरून तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासूनचा ऑस्कर एग यांचा विक्रम मागे टाकला. स्वार वाऱ्याला कमी आडवा येत होता, एवढेच त्याचे रहस्य. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ साली सायकलीची व्याख्याच अशी केली की ही रचना शर्यतीबाहेर गेली. पुढे १९९३ साली स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री यांनी स्वतः बनविलेल्या, आडवी दांडी नसलेल्या सायकलीवर ५१.५९६ किलोमीटरचा विक्रम केला; १९९४ साली त्यांची बसण्याची पद्धत बाद ठरली. रेललेली सायकल चढावर आणि गर्दीत अवघड जाते, हे आम्ही मान्य करतो. शर्यत माणसांची असावी, यंत्रांची नसावी, हा युक्तिवादही पोकळ नाही. पण नियमाने ज्या रचनेला नैसर्गिक ठरविले, तीही एके काळी नवीच होती.

मग आम्ही हौशी तरुणांच्या बाजूचे झालो काय? मुळीच नाही. गेल्या वर्षी नातवासाठी सायकल घ्यायला आम्ही शहरातल्या एका दुकानात गेलो. नळ्या मनगटाएवढ्या जाड, मध्येच विजेसारखी वळलेली एक, पुढे-मागे स्प्रिंगा. मागची स्प्रिंग आम्ही सारे वजन टाकून दाबली. ती हलली नाही. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, साखळीवर कव्हर नाही. उचलताना आमच्या कमरेने तक्रार केली. दुकानदार म्हणाला, “काका, लूक तर बघा!” नातवाच्या हट्टापुढे आम्ही नमलो, हा दोष आमचाच. तीन महिन्यांत ती जिन्याखाली गेली. “आजोबा, सायकल चालवायला फार जड असते,” असे तो आज सांगतो. जड ती एक सायकल होती. पण त्याच्या लेखी सायकल ही वस्तूच जड ठरली. आमचा खरा राग येथे आहे.

डोंगरातल्या वाटांसाठी नीट बनविलेले धक्काशोषक उपयोगाचे असतात. त्यांचे सोंग शाळेच्या वाटेवर निव्वळ ओझे होते. मुलाला वस्तू आवडली पाहिजे, हे आम्हांलाही कळते. मग रंग भडक द्या, घंटी मंजुळ द्या; त्याने पायांवर भार पडत नाही. ज्या शोभेची किंमत चालविणाऱ्याच्या दमाने चुकवावी लागते, ती शोभा नव्हे, फसवणूक आहे.

क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. तो विचार आपण साहित्याच्या चर्चेपुरता राखून ठेवतो आणि बाजारात जाताना घरी विसरतो. यापुढे सायकल घेताना सरळ नळीसमोर हात जोडू नयेत, वाकड्या नळीवर भाळू नये. दोन्हींना एकच प्रश्न विचारावा: तू येथे कशासाठी आहेस? उत्तर देईल ती सुंदर.