दाढ दुखतीय, आणि कार्ड चालत नाही

“साहेब, आयुष्मान कार्ड काढलं, पाच लाखांचा इलाज फुकट म्हणता, मग दाढ काढायला पदरचे पैसे का पडले?”

हा प्रश्न मला बांधावर, सोसायटीच्या ओट्यावर, चावडीत, कुठंही विचारला जातो. मी शेती खात्याचा माणूस. दातांशी माझा संबंध भाकरीपुरता. पण गावात सरकारी माणूस दिसला की पीकविम्यापासून घरकुलापर्यंत सगळं त्यालाच विचारायचं, ही आपल्याकडची रीत आहे आणि त्यात गैर काही नाही. म्हणून योजनेचे कागद वाचून आणि आरोग्य खात्यातल्या मंडळींशी बोलून जे समजलं ते शेतकरी बंधू-भगिनींपुढे आणि गावकारभाऱ्यांपुढे मांडतो.

दातांसाठी एकच खिडकी कुठंही नाही. जे आहे ते तीन-चार ठिकाणी विखुरलेलं आहे, आणि प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा आहे. गोंधळ होतो तो इथंच.

आधी कार्डाचं बघू. आपला सोलापूर जिल्हा या योजनेत अगदी पहिल्यापासून आहे. २ जुलै २०१२ ला राज्यात आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ सुरू झाली, त्यात सोलापूर होता. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा ही शिधापत्रिका असेल तर घरातलं प्रत्येक माणूस त्यात बसत होतं. पांढऱ्या कार्डवाल्या शेतकऱ्याचं मात्र इथं हाल झालं. मराठवाडा-विदर्भातल्या चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाचा शेतकरी पात्र ठरला, सोलापूर त्या चौदांत नव्हता. म्हणजे पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडणाऱ्या मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडचा कोरडवाहू शेतकरी, पोराला नोकरी लागली म्हणून कार्ड पांढरं झालेला, तो बाहेर. आमच्या मते हा अन्याय होता, आणि तो बरीच वर्षं चालला. १ जुलै २०२४ पासून राज्यातली सगळी कुटुंबं, कार्डाचा रंग कोणताही असो, योजनेत घेतली गेली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाखावरून पाच लाख झाली. त्यामुळं “आमचं पांढरं आहे, आम्हाला नाही” असं म्हणून अजूनही जे घरी बसले आहेत, त्यांनी ते डोक्यातून काढून टाकावं. सत्तर वर्षांपुढच्या माणसांसाठी तर ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचं वेगळं ‘वय वंदना’ कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अटच नाही.

आता पात्र झालात, म्हणजे दाढ फुकट झाली का? नाही. हे समजायला पीकविमा आठवा. विम्यात पीक अधिसूचित लागतं आणि महसूल मंडळही अधिसूचित लागतं. तुमच्या रानात कितीही नुकसान झालं तरी यादीबाहेरच्या पिकाला दमडी मिळत नाही. इथंही तसंच आहे. उपचार यादीतला हवा आणि दवाखाना योजनेशी जोडलेला हवा. दोन्हीतलं एक नसलं तरी कार्ड नुसता कागद. २०२४ च्या जुलैत यादीत १३५६ उपचार होते. यादी बदलत असते, पण तिचा गाभा बदलत नाही. ही योजना दाखल होऊन घ्यायच्या मोठ्या उपचारांची आहे. बाह्यरुग्ण म्हणून खुर्चीत बसून होणारी कामं, म्हणजे दात साफ करणं, चांदी-सिमेंट भरणं, साधी दाढ काढणं, कवळी बसवणं, ही त्यात धरलेली नाहीत.

मग तोंडाचं काय चालतं? मोटारसायकलवरून पडून जबडा मोडला, त्याची शस्त्रक्रिया चालते. तोंडाचा कर्करोग झाला तर शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधोपचार चालतात. फार खर्चाची आणि घर बुडवणारी दुखणी आहेत, ती कार्डात बसतात. अशा वेळी जोडलेल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो. पहिल्यांदा त्याला गाठायचं, शिधापत्रिका आणि आधार दाखवायचं, आणि उपचाराची मंजुरी आधी घ्यायला लावायची. पैसे सरकारकडून दवाखान्याला जातात, तुमच्या खात्यात नाही. “आता भरा, नंतर मिळतील” असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा आणि १५५३८८ किंवा १४५५५ या फुकटच्या नंबरावर फोन लावा.

एका गावातल्या म्हाताऱ्या बाबांची गोष्ट सांगतो, गावाचं नाव घेत नाही. गाल सुजला म्हणून मुलगा त्यांना एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. दाराशी योजनेचा फलक होता. आत दाढ काढली, फोटो काढले, बिल हातात दिलं. मुलाचं म्हणणं, फलक लावलाय म्हणजे चालायला पाहिजे. दवाखान्याचं म्हणणं, फलक खरा, पण दाढ यादीत नाही. कागदावर दवाखाना बरोबर होता. पण फलकावर ‘काय चालत नाही’ हे चार ओळींत लिहायला काय जातं? तेवढं लिहिलं असतं तर मुलगा बापाला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला असता आणि बिल आलंच नसतं.

कारण लहानसहान दुखण्याची सोय कार्डात नाही, ती सरकारी दवाखान्यात आहे, आणि तिथं कार्ड लागतच नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार सगळं निःशुल्क केलेलं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, मंगळवेढ्याचं ग्रामीण रुग्णालय, पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय ही या विभागाची. सोलापूरचं सिव्हिल मात्र वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडं येतं. तिथं हा निर्णय आपोआप लागू नाही, म्हणून तिथली फी विचारून घ्यावी. दातांच्या खुर्च्या आणि सामान सरकारी दवाखान्यांत यावं म्हणून केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून चालू आहे. तरी दंतवैद्य रोज असतो की ठरावीक वारी, खुर्ची चालू आहे का, रूट कॅनल होतं की फक्त दाढ निघते, हे निघण्याआधी फोनवर विचारा किंवा गावच्या आशाताईंना विचारायला सांगा. मजुरी बुडवून, एसटीनं हेलपाटा घालून ‘डॉक्टर गुरुवारी येतात’ हे ऐकायचं म्हणजे फुकटचा उपचारही महागात पडतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडं येतो. ज्वारीत खोडमाशी पडते. अंडी दिसतात तेव्हा, उगवणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, उपाय केला तर रोप वाचतं. एकदा पोंगा वाळला, पोंगेमर झाली, की मग कितीही फवारा, ते ताट गेलं. हे मी तुम्हाला सांगायला नको. तोंडाच्या कर्करोगाचं असंच आहे. तंबाखू, गुटखा, आणि आपल्या बायकांची मिश्री. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या कुठं पडलेल्या असतात ते आपण सगळेच बघतो. मिश्रीला तर कुणी व्यसनही म्हणत नाही; दात घासणं म्हणतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, कारण नसताना दात हलणं, ही अंडी दिसण्याची वेळ आहे.

आणि इथंच आपलं गणित उलटं बसतं. दाढ दुखतीय म्हणून माणूस लवंग धरतो, गोळी खातो, कुणा भोंदूकडून दात उपटून घेतो, कारण ‘कार्ड चालत नाही’. त्या दाताशेजारची जखम कुणी बघतच नाही. सहा महिन्यांनी तोच माणूस जबडा काढायला दाखल होतो, तेव्हा कार्ड चालतं. सरकार जबडा काढायला लाखभर देतं आणि वेळेवर तोंड उघडून बघायला कार्डावर काही देत नाही, ही योजनेची रचनाच मला पटत नाही. नुकसानभरपाई वाटायची आणि वेळेवर औषध पुरवायचं नाही, त्यातला प्रकार. पण रचना बदलेपर्यंत वाट बघायचं कारण नाही. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचं तोंड तपासायचं काम गावच्या उपकेंद्राकडं, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिराकडं, सोपवलेलं आहे. रक्तदाब आणि साखर तपासतात, त्याच फेरीत. बॅटरी लावून पाहायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही मागा. बायकांनी तर मागाच, कारण मिश्री लावणारी बाई स्वतःहून कुणाला तोंड दाखवत नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. हा आजार शहराचा नाही, हे आपल्या जिल्ह्याला तरी नव्यानं सांगायची गरज पडू नये.

लहान मुलांचं सोपं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. किडलेले दात, फाटलेला ओठ, टाळूला भोक, हे सगळं त्यांच्या तपासणीत आहे आणि पुढचा उपचारही मोफत. पथकाच्या दिवशी पोराला रानात नेऊ नका, एवढंच.

राहिली कवळी. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती सगळं घर बसलेलं असतं आणि ज्यानं ती मालदांडी पेरली तो म्हातारा हुरडा तळहातावर चोळून नातवाच्या हातावर देतो, कारण त्याला चावत नाही. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती पिकवणाऱ्यांपैकी कितीजण भाकरी वरणात भिजवून गिळतात ते घरोघर बघा. कार्डावर कवळी नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांपुढच्यांना ३००० रुपये एकदा मिळतात, पण त्या साधनांच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा यांची नावं आहेत, कवळीचं नाही. नाव आहे ते केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत. साठ वर्षांपुढचा, दारिद्र्यरेषेखालचा किंवा महिना १५,००० रुपयांच्या आत उत्पन्न असलेला माणूस त्यात बसतो. शिबिरं भरतात, मोजमाप घेतात, साहित्य नंतर वाटतात. माझ्या पाहण्यात अशा शिबिरांतून काठ्या आणि चाकाच्या खुर्च्या भरपूर येतात. कवळी मागणारा क्वचित, कारण ती यादीत आहे हेच कुणाला माहीत नसतं.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटलांना दोन कामं सुचवतो. शिधापत्रिकेवर सुनेचं नाव चढलेलं नाही, आधारवर आडनाव वेगळं, अशी घरं आत्ताच शोधून तहसीलच्या पुरवठा शाखेकडं पाठवा. दवाखान्याच्या दारात ते काम होत नाही. आणि येत्या ग्रामसभेत साठीच्या पुढच्या बिनदातांच्या माणसांची यादी करून, उत्पन्नाचे दाखले जोडून ठेवा. शिबिराची तारीख कळते दोन दिवस आधी आणि दाखला मिळायला जातात आठ.