हमालांची कंबरदुखी
पन्नास-पन्नास किलोंची पोती उमेदीची सारी वर्षे पाठीवर वाहणाऱ्या हमालाची कंबर धरली की, वेदनाशामक गोळ्यांची पुडी आणि कमरेचा पट्टा देऊन त्याची बोळवण करण्याची जी वहिवाट पडली आहे, ती आता मोडली पाहिजे. एमआरआयमध्ये मणक्यांमधील चकती सरकलेली दिसली, एवढ्यावरून तीच वेदनेचे मूळ ठरत नाही. कारण कसलीही वेदना नसलेल्या अनेकांच्या चित्रणातही ती तशीच आढळते. म्हणून रुग्णास उताणे निजवून त्याचा पाय सरळ उचलताना कळ गुडघ्याखाली उतरते काय, पुढे वाकल्याने ती वाढते की मागे झुकल्याने शमते, पायाच्या अंगठ्यात जोर उरला आहे काय, याची बारकाईने तपासणी करूनच व्यायामाचा क्रम आखणे इष्ट होय. लघवीवरील ताबा सुटणे किंवा बैठकीचा भाग बधिर होणे ही लक्षणे दिसताच मात्र विनाविलंब रुग्णालय गाठावे. १९६९च्या माथाडी कायद्यान्वये हमालांच्या कल्याणाची जबाबदारी ज्या मंडळांवर आहे, त्यांनी आणि शासनाने प्रत्येक मोठ्या बाजारपेठेत फिजिओथेरपीची कायम तजवीज करावी. श्रमिकांचा तो हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.