तीन गोळ्या आणि एक घोट चहा



मागच्या महिन्यात आमच्या विहारात महिलांची बैठक होती. विषय मुलांच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा होता. तो आटोपला, चटया गोळा होऊ लागल्या, तेवढ्यात आमच्याच वस्तीतील एक सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "ताई, आमच्या सुनेला जरा दोन शब्द सांगा. सात-सात वाजेपर्यंत उठत नाही. दोन भांडी घासली की भिंतीला टेकून बसते. कामाचा निव्वळ कंटाळा. आता तिच्या माहेरच्यांनाच बोलावून घ्यायचं आमच्या मनात आहे."

सून मागेच उभी होती. वय असेल चोवीस. चेहरा फिकट आणि थोडा सुजल्यासारखा. बाकीच्या आम्ही बायका पदराने वारा घेत होतो आणि हिने मात्र पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च लपेटला होता. मी विचारले, "थंडी वाजते का गं?" तिने सासूकडे पाहिले आणि मान हलवली. "पाळीच्या वेळी अंगावरून जास्त जातं का?" पुन्हा मान. "आणि काही वेगळं खावंसं वाटतं?" यावर ती लाजली. मग हळूच म्हणाली, "पाटीवरची पेन्सिल."

मी डॉक्टर नाही. बी. कॉम. झालेली, हिशेबाच्या टेबलावर बसणारी एक कारकून आहे. पण हा चेहरा मला नवा नव्हता. तीन वर्षे तो मी माझ्याच आरशात पाहिला आहे.

माझीही गोष्ट अशीच सुरू झाली. दुपारी तीननंतर रजिस्टरमधील आकडे डोळ्यांपुढे हलायचे. दोन जिने चढले की दम लागे. कंगव्यात केसांचा पुंजका निघे, वजन वाढत होते, पोट साफ होत नव्हते. कचेरीत मला 'झोपाळू मॅडम' असे नाव पडले होते. घरी कोणी बोलत नसे, पण मलाच वाटे की आपण आळशी झालो. चळवळीच्या कामाला जायचे म्हटले की पाय उचलत नसे आणि त्याची लाज वाटे. शेवटी घराजवळच्या एका दवाखान्यात रक्त तपासले. थायरॉईड मंद, रक्त कमी, ब-१२ कमी, ड जीवनसत्त्व कमी. थायरॉईडची गोळी, लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी सुरू झाली. मी शिस्तीची बाई. विसरू नये म्हणून तिन्ही गोळ्या चहाच्या बशीत ठेवायची आणि सकाळी चहाच्या एका घोटाबरोबर एकदम घ्यायची. तीन वर्षांत एक दिवस चुकवला नाही.

गुण मात्र नाही. थायरॉईडची गोळी पन्नास मायक्रोग्रॅमवरून पंचाहत्तर झाली, मग शंभर, मग सव्वाशे. टीएसएचचा आकडा खाली यायला तयार नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठीवर नवा आकडा पडायचा. पण "बाई, तुम्ही गोळी घेता कशी?" हा प्रश्न तीन वर्षांत एकदाही कोणी विचारला नाही. तो विचारला एका सरकारी रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरबाईंनी. मी अभिमानाने सांगितले, चहाबरोबर, तिन्ही एकदम. त्यांनी कपाळाला हात लावला नाही एवढेच.

त्यांनी जे समजावले ते आमच्या हिशेबी डोक्याला लगेच पटले. थायरॉईडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, फार नाजूक प्रकृतीची आहे. पोटात लोह किंवा कॅल्शियम सोबतीला असले की ती त्यांना चिकटते आणि रक्तात जाण्याऐवजी बरीचशी शौचावाटे निघून जाते. चहा-कॉफीनेही ती कमी शोषली जाते. लोहाचेही तेच. चहा त्याला अडवतो, कॅल्शियमही अडवते. म्हणजे मी रोज तीन गोळ्या गिळत होते आणि त्या माझ्या पोटात एकमेकींची वाट अडवत होत्या. खर्च पूर्ण, जमा जवळजवळ शून्य.

मग वेळापत्रक बदलले. थायरॉईडची गोळी उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ. उठल्याबरोबर उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा नाही आणि खाणे नाही. लोहाची गोळी चार तासांनंतर. मी ती कचेरीत साडेअकराला लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेते, कारण लिंबातले क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. तिच्या आगेमागे तास-दोन तास चहा नाही. कॅल्शियम रात्री जेवणानंतर. औषध तेच, माणूस तोच, फक्त घड्याळ बदलले. आठ आठवड्यांनी तपासले तर टीएसएच चक्क गरजेपेक्षा खाली गेला होता आणि छातीत धडधडत होते! कारण सव्वाशेची गोळी आता खरोखर सव्वाशेचे काम करू लागली होती. डॉक्टरबाईंनी ती टप्प्याटप्प्याने पंचाहत्तरवर आणली. म्हणून सांगते, माझे वाचून तुम्हीही गोळ्यांच्या वेळा बदलणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्या. त्याआधी तपासून उपयोग नाही, कारण हे औषध शरीरात सावकाश स्थिरावते.

आमच्या मंडळातल्या एका मावशी पाच घरची धुणीभांडी करतात. त्या म्हणाल्या, "मी साडेपाचला घर सोडते, चहा घेतल्याशिवाय पाय निघत नाही, तासभर कुठं थांबू?" त्यांचे बरोबर आहे. सगळ्या सूचना जणू दहा वाजता उठणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. त्यावरही उपाय आहे. रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना ही गोळी घेतली तरी चालते. मात्र मग कॅल्शियम रात्री घ्यायचे नाही. डॉक्टरांना विचारून एक वेळ ठरवा आणि ती पाळा. एखादा दिवस चुकला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

आता या दोन्ही दुखण्यांचे एकमेकांशी काय नाते, ते पाहू. गळ्याशी फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. शरीराची भट्टी किती जोराने जळावी हे ती ठरवते. तिचा रस तयार करायला आयोडीन लागते हे आपण शाळेत शिकलो. पण तो तयार करणाऱ्या शरीरातल्या कारागिराला लोहही लागते. लोह कमी पडले की ग्रंथी आणखी मंदावते. उलट ग्रंथी मंदावली की पाळीत रक्त जास्त जाते आणि पोटातले आम्लही कमी होऊ शकते, त्यामुळे खाल्लेले लोह नीट लागत नाही. एक दुखणे दुसऱ्याला ओढते. एकाच्या मागे धावून दुसरे सोडले तर बाई आहे तिथेच राहते.

रक्ताच्या रिपोर्टात बहुतेकांची नजर हिमोग्लोबिनवर असते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते बारापेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. पण हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड. बँकेतली शिल्लक दाखवणारी तपासणी वेगळी, तिचे नाव फेरिटिन. रोकड ठीक दिसते आणि शिल्लक संपलेली असते, अशा कितीतरी बाया आहेत. म्हणूनच हिमोग्लोबिन वाढले की लगेच गोळ्या थांबवायच्या नाहीत. शिल्लक भरून येईपर्यंत, सहसा आणखी तीनेक महिने, डॉक्टर त्या चालू ठेवायला सांगतात. शौचाला काळे होते म्हणून घाबरू नये, ते गोळीमुळेच. पोटात मळमळले तर दिवसाआड घेण्याबद्दल विचारावे, आता काही डॉक्टर तशीच देतात.

आणि हे दुखणे थोड्याथोडक्यांचे नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा ५४ टक्क्यांच्या वर होता. म्हणजे बैठकीला वीस बाया आल्या तर त्यांतल्या दहा-अकरा. तरी आपण एकमेकींना आळशी म्हणतो.

मुंबईच्या गिरणगावाशी जोडलेली एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना होणारा एक भयंकर रक्तक्षय त्यांनी अभ्यासायला घेतला. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती भत्त्याच्या विधेयकाची बाजू मांडत होते. विल्सबाईंनी नुसते रक्त तपासले नाही, या बाया खातात काय हेही पाहिले. जंतू शोधून सापडेना. अखेर यीस्टच्या स्वस्त अर्काने, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात, या बाया बऱ्या होतात असे दिसले. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुण म्हणजे आजचे फॉलिक अॅसिड. आज गरोदर बाईला सरकारी केंद्रात जी लाल गोळी मिळते आणि किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी देतात, त्या दोन्हींत लोहाबरोबर तेच असते. आशाताईंकडे चौकशी करा. पुष्कळ घरांत त्या गोळ्या फळीवर धूळ खात पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड घेऊ नये. रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत नसांची हानी चालूच राहते. तळपायाला मुंग्या, जीभ सोललेली, चालताना तोल जाणे अशी लक्षणे असतील तर ब-१२ तपासा. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतच मिळते. ज्यांनी मांसाहार सोडला आहे त्यांनी याकडे लक्ष द्यावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांतही ते कमी होते. शिवाय थायरॉईड मंद होण्याचे एक मोठे कारण म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांनी आपल्याच ग्रंथीवर हल्ला करणे. जपानच्या हाशिमोटो नावाच्या डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. तसाच हल्ला कधी कधी पोटावरही होतो, मग ब-१२ खाऊनही लागत नाही आणि इंजेक्शन घ्यावे लागते.

खाण्यापिण्याचे फार सांगत नाही. आपल्या आयांनी वजडी, काळीज, सुकट खाऊन दिवस काढले आणि त्याला लोक नाक मुरडत. पण मांसाहारातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा चांगले लागते आणि काळजात ते भरपूर असते. मात्र गरोदरपणी काळीज जपूनच खावे, त्यात अ जीवनसत्त्व फार असते. शाकाहारींनी हळीव, चणे, पालेभाजी खावी आणि सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू ठेवावा. कोबी खाल्ल्याने थायरॉईड वाढतो म्हणून कोबी बंद केलेल्या बाया मला भेटतात. शिजवलेला कोबी नेहमीच्या बेताने खाल्ला तर काही होत नाही. मीठ आयोडीनयुक्तच वापरा, पण आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मनाने घेऊ नका. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. ड जीवनसत्त्वाची पुडी डॉक्टर म्हणतील तितकेच आठवडे. जास्त झाली तर तीही बाधते.

आणि तरुण मुलींसाठी एक: दिवस राहिले की थायरॉईडची गोळी बंद करायची नसते. बहुधा ती वाढवावी लागते, कारण बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच थायरॉईडवर चालते. पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

त्या सुनेचे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी दोघींना सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. हिमोग्लोबिन सात पूर्णांक नऊ. टीएसएच बेचाळीस. सासूबाई रिपोर्ट हातात धरून बराच वेळ बाकावर बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मलाही हिच्या वयात असंच व्हायचं. मी भाजकी माती खायची. सासूनं लई मारलं होतं मला."

परवा त्यांच्या घरी गेले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत दोन खुणा दिसल्या, सकाळची आडवी, दुपारची उभी. सासूबाईंना लिहिता येत नाही, खुणा त्यांच्याच. सून अजून दमते, पण पेन्सिल सुटली आहे. मी बसल्यावर तिने चहा ठेवला आणि सासूबाई आतून ओरडल्या, "तुझा नको गं आत्ता, गोळीला तास व्हायचाय अजून!"